आयोनिक 5 ची 20 इंची चाकं उतरवून 19 इंची बसवली: खर्च, खड्डे आणि रेंज

निकाल आधी सांगते, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय त्यांची सुटका होईल. ह्युंदाईच्या आयोनिक 5 या इलेक्ट्रिक गाडीची मूळची 20 इंची चाकं काढून 19 इंची बसवली, त्याला आता एक अख्खा पावसाळा आणि एक हिवाळा झाला. रेंज वाढली, पण इतकी बेताची की फक्त रेंजसाठी कुणी हा उद्योग करणार असेल तर त्याने आधी पुढचा हिशेब वाचावा. खड्ड्यांतून जाताना मिळणारं सुख मात्र मोठं आहे, आणि टायर कुठेही मिळण्याचं सुख त्याहून मोठं.

मी सीए, राहते कोथरूडला, सासर कऱ्हाडचं. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते, कारण नवऱ्याला मागे बसून फोनवर बोलायला आवडतं. पुणे-कऱ्हाड साधारण 160 किलोमीटर. जाताना खंबाटकीचा घाट चढायचा, येताना बोगदा. दोन्ही गावांची समुद्रसपाटीपासूनची उंची जवळजवळ सारखीच असल्यामुळे जाऊन-येऊन जो आकडा पडतो तो बऱ्यापैकी प्रामाणिक असतो. मागच्या सीटवर सासूबाई असतात. त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यामुळे गाडीच्या सस्पेन्शनबद्दल या घरात शेवटचा शब्द त्यांचा.

भारतात आयोनिक 5 आली 2023 च्या सुरुवातीला आणि आली ती एकाच मापाच्या चाकांवर: 255/45 आर 20. परदेशात हीच गाडी 19 इंची चाकांवरही मिळते, तिथलं माप 235/55 आर 19. आपल्याला पर्यायच दिला नाही. का दिला नसेल याचा अंदाज गाडीशेजारी उभं राहिलं की येतो. फोटोत ही गाडी छोट्या हॅचबॅकसारखी दिसते, पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर आहे तब्बल 3,000 मिलिमीटर. एवढ्या लांब, सपाट अंगाखाली लहान चाकं दिली असती तर शोरूममध्ये गाडी बापुडवाणी दिसली असती. हिचं रूप ह्युंदाईच्या 1974 सालच्या पोनी कूपे या नमुन्यावरून आलंय. तो इटलीच्या जुजारोंनी काढला होता आणि ट्यूरिनच्या प्रदर्शनात मांडला होता. 2019 मध्ये फ्रँकफर्टला कंपनीने त्याच रेषा घेऊन '45' नावाचा नमुना आणला आणि त्याची पुढे झाली आयोनिक 5. मूळ पोनी कूपेची चाकं आजच्या नजरेला खेळण्यातली वाटतील, पण गाडी बघून कुणी तिला लहान म्हटलं नाही. असो. मोठी चाकं दिसायला छान असतात हे मी नाकारत नाही. माझ्या पुतण्याने नवी चाकं बघून पहिलं वाक्य काढलं ते असं: "काकू, गाडी एकदम म्हातारी दिसायला लागली की!"

आता मापाचं गणित, कारण सगळा खेळ त्यात आहे. 255/45 आर 20 मध्ये टायरची रुंदी 255 मिलिमीटर आणि साइडवॉल, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतचं रबर, त्याच्या 45 टक्के. झाले 114.75 मिलिमीटर. 235/55 आर 19 मध्ये साइडवॉल 129.25. साडेचौदा मिलिमीटर रबर जास्त. पट्टीवर बघाल तर हसाल, पण खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये जे काही उभं असतं ते एवढंच असतं. पूर्ण चाकाचा व्यास आधी 737.5 मिलिमीटर होता, आता 741.1. अर्ध्या टक्क्याचा फरक, म्हणून स्पीडोमीटर किंवा इतर कुठल्या सेटिंगला हात लावावा लागत नाही. ग्राउंड क्लिअरन्स वाढला म्हणून कुणी खूश होणार असेल तर सांगते, तो दोन मिलिमीटरही वाढत नाही.

बदलायची वेळ आली ती एका फुग्यामुळे. साताऱ्याच्या पुढे सेवारस्त्यावर, पाणी भरलेल्या खड्ड्यात डावीकडचं पुढचं चाक गेलं आणि घरी पोचल्यावर बघते तर साइडवॉलला लिंबाएवढा फुगा. रिम वाचली. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, आतले दोरे तुटलेले असतात आणि तो कधी फुटेल सांगता येत नाही. गाडीत स्टेपनी नाही, मिळतं फक्त हवा भरायचं यंत्र आणि टायरमध्ये सोडायचं सीलंट. खिळा गेला तर त्याचा उपयोग, बाजू फाटली तर शून्य. कऱ्हाडमध्ये चौकशी केली, साताऱ्यात केली, कोल्हापुरातही फोन लावले. 255/45 आर 20 म्हटल्यावर समोरून आधी शांतता आणि मग "मागवून देतो, चार दिवस लागतील." पुण्यात मिळत होता, एकाचे 34,000. बाकीच्या तीन टायरांची नक्षी तोवर बरीच झिजली होती, विशेषतः मागच्या दोघांची. गाडी मागच्या चाकांवर ओढते आणि पायाखाली मोटरचा 350 न्यूटन-मीटर जोर पहिल्या क्षणापासून हजर असतो, त्यामुळे ते होणारच. म्हणजे चारही घ्यायचे तर 1,36,000. इथे माझ्यातली सीए जागी झाली.

पहिला मोह 18 इंचांचा होता. 235/60 आर 18 हे माप टाटा हॅरियरला आहे, महिंद्रा एक्सयूव्ही 700 ला आहे, त्यामुळे तालुक्याच्या दुकानातही मिळतं. व्यास 739.2, म्हणजे मूळ चाकाच्या आणखी जवळचा. साइडवॉल 141 मिलिमीटर, खड्ड्यांना उघड आव्हान. पण परदेशातल्या नेहमीच्या आयोनिकला कंपनी 19 इंची चाकं देते, त्यामुळे कागदोपत्री बळ 19 ला होतं. शिवाय रिम जितकी लहान तितकी ती ब्रेकच्या कॅलिपरजवळ येते, आणि प्रत्येक रिमचा आतला आकार वेगळा असल्यामुळे घालून बघितल्याशिवाय खात्री नाही. 19 वर थांबले. 235/55 आर 19 हे माप मर्सिडीज जीएलसी, ऑडी क्यू 5, व्होल्वो एक्ससी 60 अशा गाड्यांना चालतं. या गाड्या कोल्हापूर-सांगलीकडे आता भरपूर आहेत, साखर आणि द्राक्षं कशाला पिकतात मग. तिथल्या टायरवाल्यांकडे माप शिलकीत असतं. एकाचे 21,500 पडले.

अलॉय भारतीय बनावटीची घेतली, आयएसआय शिक्का असलेली, चारचे 72,000. पाच नट, 114.3 चा पीसीडी (नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये), साडेसात इंच रुंद. निवडताना एकच हट्ट धरला: चाकाचा चेहरा जितका बंद तितका बरा. दुकानात भिंतीवर टांगलेल्या शंभरातली नव्वद चाकं कोळ्याच्या जाळ्यासारखी उघडी. उघड्या आऱ्यांमधून हवा घुसळली जाते आणि हायवेला गाडीची निम्मी ताकद हवा कापण्यातच जाते. आयोनिकची मूळ 20 इंची चाकं बऱ्यापैकी सपाट आणि बंद आहेत, तो त्यांचा मोठा गुण. ती काढून पातळ काड्यांची 19 इंची घातली तर एका हाताने कमावलेलं दुसऱ्या हाताने जातं. मालक म्हणाले, "ताई, हे डिझाइन कुणी घेत नाही, दोन वर्षं पडून आहे." त्याच कारणाने थोडं स्वस्तही मिळालं.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण काम शेवटी चांगलं झालं पण मधल्या गोष्टी त्यांना आवडणार नाहीत. आणि त्या गोष्टी कुठल्याही दुकानात घडू शकतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट जॅकची. पोरगा ट्रॉली जॅक ढकलत आला आणि नेहमीच्या सवयीने गाडीच्या पोटाखाली मधोमध लावायला निघाला. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटात मधोमध बॅटरी असते, आयोनिकमध्ये 72.6 युनिटची, पूर्ण जमीन व्यापून. तिथे दोन टनांचा भार एका लोखंडी वाटीवर देणं म्हणजे गाडीतली सर्वांत महागडी वस्तू चेपून ठेवणं. दाराखालच्या कडेला जॅक लावायच्या ठरलेल्या जागा आहेत, मॅन्युअलमध्ये चित्र आहे, ते मोबाइलवर उघडून दाखवलं. मालकांनी पोराला बाजूला केलं आणि जुन्या मिस्त्रींना हाक मारली. त्यांनी रबराचे ठोकळे लावून गाडी उचलली. तुम्ही चहा प्यायला बाहेर जाणार असाल तर गाडी उचलून झाल्यावर जा.

दुसरी गोष्ट लोड इंडेक्सची. टायरच्या बाजूला मापानंतर एक आकडा असतो. 235/55 आर 19 दोन प्रकारांत मिळतो, 101 आणि 105. 101 म्हणजे एका टायरला 825 किलो, 105 म्हणजे 925, आणि त्याच्या पुढे 'एक्सएल', म्हणजे जास्त भार झेलणारा, असं लिहिलेलं असतं. माझ्या जुन्या टायरांवर 105 होतं. समोर आणून ठेवले ते 101.

"मॅडम, काही फरक नाही पडत, सगळे हाच घालतात."

म्हटलं, "दादा, सगळ्यांच्या गाडीत बॅटरी नसते."

कागदावर 101 सुद्धा पुरला असता, गाडी भरून निघाली तरी एका चाकावर तेवढं वजन येत नाही. पण मूळच्या आकड्याखाली उतरायचं नाही हा नियम मी स्वतःपुरता पाळते. उद्या काही झालं तर विम्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा हाच आकडा वाचेल. 105 यायला दोन दिवस लागले, थांबले. टायर निवडताना युरोपातलं लेबल पाहिलं, तिथे लोळणरोध (टायर लोळताना होणारा विरोध, कमी तितकी रेंज जास्त) आणि ओल्या रस्त्यावरची पकड या दोन्हींना 'ए' ते 'ई' अशी श्रेणी असते. त्यात पकडीला 'ए' आणि लोळणरोधाला 'बी' असलेला घेतला. उलटं असतं तर नसता घेतला. चार किलोमीटर रेंजसाठी पावसात ब्रेक लांबवणं मला जमणार नाही.

तिसरी गोष्ट हब रिंगची, आणि ही बहुतेक दुकानं विसरतात. ह्युंदाईच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा, व्यास 67.1 मिलिमीटर. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक मुद्दाम मोठं असतं, म्हणजे अनेक गाड्यांना चालावं. माझ्या अलॉयचं 73.1 होतं. मधल्या फटीत रिंग बसवली नाही तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यावर येतं, केसभर सरकलं तरी 90 च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मग लोक बॅलन्सिंग करून करून दमतात. चार रिंगा, पैसे किरकोळ. पट्टीने मापून घेतल्या.

बाकी सगळं सुरळीत. हवेच्या दाबाचे सेन्सर जुन्या रिममधून काढून नव्यात घातले, व्हॉल्व्हचे रबर नवे. गाडीने थोडं चालवल्यावर चारही दाब स्वतःच ओळखले. नट न्यूमॅटिक गनने आवळायला लागले होते, त्यांना शेवटचा पीळ टॉर्क पान्यानेच द्यायला लावला. कंपनीचा आकडा 107 ते 127 न्यूटन-मीटर. शंभरेक किलोमीटर चालवून परत जाऊन तपासून घेतले. अलाइनमेंटही केली. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे 36, थंड टायरला.

जाता जाता पार्सलवाल्याच्या काट्यावर एकेक चाक ठेवून बघितलं. जुनं, टायरसकट, साडेअठ्ठावीस किलो. नवं पंचवीस. चाकामागे साडेतीन किलो कमी झाले, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं आहे. डिकीतली चौदा किलोची पिशवी काढली तर सस्पेन्शनला पत्ताही लागत नाही. चाकातून काढली तर प्रत्येक खड्ड्यात चाक लवकर वर जातं आणि लवकर खाली येतं, शॉक ॲब्सॉर्बरला आवरायला सोपं पडतं.

त्याचा अनुभव पहिल्याच फेरीला आला, आणि तो मला यायच्या आधी मागच्या सीटला आला. शिरवळ सोडलं आणि सासूबाईंनी विचारलं, "अगं, रस्ता नवीन केलाय का काय?" रस्ता तोच होता, पुलांचे जोड तेच होते. 20 इंचांवर पुलाच्या प्रत्येक जोडाला गाडीत 'ठक्' असा कोरडा आवाज यायचा आणि तो सीटमधून थेट पाठीत जायचा. आता 'धप्प' येतो, गोल, जरा लांबून आल्यासारखा. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे टायरचे असले आवाज दुप्पट जाणवतात. मोठे खड्डे अजूनही मोठेच लागतात, गाडी जड आहे, ते जाणार नाही. पण लहान-मध्यम खड्डे, पेव्हर ब्लॉकचे उंचवटे, सोसायटीच्या गेटातला गतिरोधक, ही सगळी रोजची कटकट निम्म्यावर आली. घाटात वळणावर खड्डा दिसला की पूर्वी पोटात गोळा यायचा, कारण ना धड चुकवता येतो, ना त्यात घालता येतो. आता वेग कमी करून सरळ घालते.

गेलं काय, तेही सांगायला हवं. स्टिअरिंगचा चटपटीतपणा कमी झाला. लेन बदलताना गाडी आधी किंचित झुकते आणि मग वळते, साइडवॉल उंच असल्याचा हा दाम आहे. ज्यांना घाट जोरात मारायला आवडतो त्यांना हे लगेच खटकेल. मला पहिला आठवडा खटकलं. कोरड्या रस्त्यावर 255 ची पकड नक्कीच जास्त होती, खंबाटकीच्या चढाला वळणातून बाहेर पडताना जोरात पाय दाबला तर आता ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा आधीपेक्षा लवकर लुकलुकतो. पावसात मात्र उलट. अरुंद टायर साचलेलं पाणी जास्त चांगलं कापतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हायवेच्या डाव्या लेनमध्ये जी तळी साचतात त्यांत गाडी तरंगल्याची ती भीतिदायक हलकी भावना आता कमी येते. यात नव्या नक्षीचा वाटा किती आणि मापाचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

आता रेंज. यावर लोक फार भांडतात, म्हणून आधी दुसऱ्यांचे आकडे. 2020 ची टेस्ला मॉडेल 3 परफॉर्मन्स घ्या. गाड्यांची अधिकृत रेंज ठरवणाऱ्या अमेरिकेच्या ईपीए या सरकारी संस्थेच्या यादीत ही एकच गाडी तीन चाकांवर तीन रेंज घेऊन बसलेली आहे: 18 इंचांवर 322 मैल, 19 वर 304, 20 वर 299. मोटर तीच, बॅटरी तीच. सात टक्के गेले ते फक्त चाकांत, आणि त्यातलेही बरेचसे पहिल्याच इंचाला, कारण 18 इंची चाकांवर हवा कापणारी बंद झाकणं होती. आमच्या आयोनिकचं 2025 चं अमेरिकी मॉडेल, चारही चाकांवर चालणारं, 19 इंचांवर 290 मैल आणि 20 इंचांच्या लिमिटेड प्रकारात 269. हाही सात टक्क्यांचा फरक, पण लिमिटेडवर काचेचं छप्पर आणि इतर सामान असतं, म्हणजे सगळं पाप चाकांच्या माथी नको. आणि हा प्रकार फक्त इलेक्ट्रिकचा नाही. 'कार अँड ड्रायव्हर'ने 2010 मध्ये फोक्सवॅगन गोल्फवर 15 इंचांपासून 19 इंचांपर्यंत पाच मापं चढवून बघितली होती, मोठ्या टोकाला पेट्रोलचं ॲव्हरेज सुमारे 10 टक्क्यांनी पडलं. पेट्रोल गाडीत ते कुणी मोजत नाही, कारण पंप पाच मिनिटांवर असतो.

माझं: पुणे-कऱ्हाड-पुणे, एसी चालू, हायवेला 90 च्या आसपास, माणसं साधारण तेवढीच. 20 इंचांवर युनिटला सरासरी 5.7 किलोमीटर, 19 वर 6.0. पाच टक्के. पूर्ण बॅटरीवर 414 चे 436 झाले. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा 631 किलोमीटरचा आकडा ब्रोशरमध्ये शोभतो, तो तिथेच राहू द्यावा. शहरात फरक इतका पुसट आहे की मी तो धरतच नाही. कोथरूड ते डेक्कन ट्रॅफिकमध्ये रांगताना जास्त वीज एसी खातो. जड चाक फिरवायला जास्त जोर लागतो हे खरं, पण थांबताना रीजनमधून, म्हणजे वेग कमी होताना मोटर जी वीज परत बॅटरीत भरते त्यातून, त्यातलं बरंच परत मिळतं.

या पाच टक्क्यांना दोन टिपा जोडते, नाहीतर माझ्यातल्या ऑडिटरला झोप लागणार नाही. झिजलेला टायर नव्यापेक्षा हलका लोळतो, कारण पिळवटायला रबरच कमी उरलेलं असतं. म्हणजे माझी तुलना जुन्या झिजलेल्या 20 ची नव्या 19 शी आहे आणि ती 19 वर थोडी अन्याय करते. दुसरं, झिजलेल्या टायरचा घेर कमी असतो, त्यामुळे ओडोमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त किलोमीटर दाखवतो. जुना 5.7 चा आकडाही त्यामुळे किंचित फुगलेला होता. खरा फरक पाचापेक्षा थोडा जास्त असणार, पण तो सिद्ध करायला मी जुनी चाकं परत चढवणार नाही.

आता पैसे. अलॉय 72,000, टायर 86,000, मिळून 1,58,000. फिटिंग, बॅलन्सिंग वगैरे कुठल्याही टायरांना आलंच, ते सोडून देते. वर्षाला 15,000 किलोमीटर धरले तर आधी 2,632 युनिट लागायचे, आता 2,500. वाचले 132 युनिट. घरचं आणि बाहेरचं चार्जिंग मिळून मला युनिट सरासरी 12 रुपयांना पडतं. वर्षाची बचत 1,584 रुपये. म्हणजे विजेच्या बचतीतून 1,58,000 वसूल व्हायला शंभर वर्षं लागतील. जे 'रेंज वाढवा, पैसे वाचवा' म्हणून अलॉय विकतात त्यांच्याकडे हे गणित कुणीतरी न्यावं.

पण टायर तसेही बदलायचेच होते. 20 इंचांसाठी 1,36,000 जाणारच होते, म्हणजे या निर्णयाची खरी किंमत 22,000. आणि पुढच्या वेळी चार टायर घेताना 50,000 कमी लागतील. म्हणून वेळ महत्त्वाची आहे. टायर अर्धे शिल्लक असताना हे करू नका, संपत आले की करा. जुन्या रिमा मी विकल्या नाहीत. कऱ्हाडच्या घरी माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवल्यात. गाडी विकताना घेणाऱ्याला मोठी चाकं हवी असतील तर हाताशी असावीत.

कायद्याचा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक भूमिका घेतली आहे. रस्त्यावर चाकाचं माप बघून कुणी अडवत नाही, प्रश्न येतो तो दाव्याच्या वेळी. मी चाकं घ्यायच्या आधीच विमा कंपनीला मेल लिहिला: जुनं माप, नवं माप, दोन्हींचे व्यास, लोड इंडेक्स तोच, आणि हेच माप याच गाडीला कंपनी परदेशात देते याचा तपशील. अलॉयची किंमत ॲक्सेसरी म्हणून पॉलिसीत चढवून घेतली आणि उत्तर लेखी आल्यावरच पैसे भरले. सर्व्हिस सेंटरला तोंडी विचारलं तर सस्पेन्शनच्या वॉरंटीबद्दल दोन माणसांनी दोन उत्तरं दिली. तेव्हा तिथेही मेलच करा, तोंडी काही घेऊ नका.

मग कुणी करावं? गाडी शहरातच फिरत असेल, ऑफिस ते घर, रस्ते बरे असतील, तर नको. आहे त्या 20 इंचांत हवा बरोबर ठेवा आणि खड्डे बघून चालवा. ज्यांना गाडीचा रुबाब आवडतो त्यांनीही नको, पार्किंगमध्ये रोज हळहळ वाटेल. पुणे-कोल्हापूर, पुणे-सोलापूर असा हायवे नेहमीचा असेल, मागे वयस्क माणसं बसत असतील, टायर संपत आले असतील, तर डोळे झाकून करा. मात्र लोड इंडेक्स बघायला डोळे उघडा.

एक काम राहिलंय ते पाचव्या चाकाचं. सुटं अलॉय 18,000 आणि टायर 21,500, म्हणजे 39,500 ची स्टेपनी. महाग वाटते, पण माप बाकीच्या चारांचंच असल्यामुळे ती चारांत फिरवता येईल आणि पाचही टायर सारखे झिजतील. नवऱ्याचं म्हणणं, डिकीतली जागा जाईल. जाईल, चाक आडवं ठेवलं की वर फक्त दोन बॅगा राहतात. म्हणून शहरात असताना ते घरी आणि कऱ्हाडला निघताना गाडीत, असं ठरतंय. त्यात सेन्सर नसेल, त्यामुळे लावलं की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागेल, तो लागू दे. ऑर्डर दिलीये, तेच दोन वर्षं पडून असलेलं डिझाइन. मालकांकडे आता तसं एकच उरलंय.